डोक्याला बॅटरी, बुद्धीला धार?

पेटी उघडली की आत निघतो एक पट्टा, दोन स्पंज, मिठाच्या पाण्याची छोटी बाटली आणि चार्जिंगची वायर. बाकीचा कारभार मोबाइलमधल्या अ‍ॅपकडे. ‘फोकस’, ‘मेमरी’, ‘लर्निंग’ यातलं हवं ते निवडायचं, पट्टा कपाळावरून चढवायचा आणि वीस मिनिटं बसायचं. मेंदूला सौम्य वीज मिळेल, पाठांतर सोपं होईल, लक्ष विचलित होणार नाही, असा एकूण सूर.

या तंत्राचं नाव ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. सगळे टीडीसीएसच म्हणतात. डोक्यावरच्या दोन ठिकाणांमधून एक ते दोन मिलिअँपिअरचा, एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह सोडायचा, एवढंच त्यात आहे. कल्पना दोनशे वर्षांची. शास्त्रज्ञ गाल्वानीचा भाचा जोव्हानी आल्दिनी यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत उदासीनतेच्या रुग्णांच्या डोक्याला व्होल्टाची बॅटरी लावून पाहिली होती. आताची लाट मात्र २००० सालची, जर्मनीतल्या गॉटिंगेनची. मिखाएल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी दाखवून दिलं की हातापायांच्या हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागावर काही मिनिटं असा प्रवाह सोडला, तर तो भाग अधिक किंवा कमी उत्तेजनक्षम होतो. फरक ४० टक्क्यांपर्यंत होता आणि प्रवाह बंद केल्यावरही काही मिनिटं टिकला.

त्यांनी मोजलं काय होतं? करंगळी बाजूला नेणाऱ्या स्नायूचा झटका. स्मरणशक्ती नाही, एकाग्रता नाही, परीक्षेतले गुण तर नाहीतच. प्रयोग उत्तम होता, आजही त्याचा मान आहे. पण करंगळीपासून बुद्धीपर्यंतची उडी पुढे बाजारानं मारली. २०१२ साली ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये सॅली अ‍ॅडी या पत्रकारानं अमेरिकी लष्कराच्या नेमबाजीच्या सिम्युलेटरवर असा प्रवाह घेतल्याचा अनुभव लिहिला. तो खूप गाजला. नऊ व्होल्टची बॅटरी आणि वायरी जुळवून घरी यंत्र बनवणारे हौशी निघाले, आणि २०१३ मध्ये गेमर मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून ‘फोकस’ नावाचा तयार हेडसेट २४९ डॉलरला विक्रीला आला. तेव्हापासून या यंत्रांभोवती जे समज जमले आहेत, त्यातले काही भीतीचे आहेत, काही भाबडेपणाचे. भाबडे जास्त.

‘हे म्हणजे शॉक देणंच की!’

नाही. मनोरुग्णालयातली शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, १९३८ साली रोममध्ये सुरू झाली. तीत भूल देऊन मुद्दाम फिट आणली जाते आणि प्रवाह साधारण ८०० मिलिअँपिअर असतो. टीडीसीएसचा त्याच्या चारशेव्या हिश्शाच्या आसपास. यानं चेतापेशी पेटत नाही, ती पेटायला किती सोपी वा अवघड हे थोडंसं सरकतं. जाता जाता, ईसीटी ही तीव्र नैराश्यातली अत्यंत गुणकारी उपचारपद्धती आहे. सिनेमांनी तिची जेवढी बदनामी केली तेवढी तिच्या वाट्याला यायला नको होती.

‘डोक्यावर लावलं म्हणजे मेंदूत पोचलं’

इथं जरा थांबायला हवं, कारण विकत घेणाऱ्याचा सगळा भरवसा याच गृहीतकावर उभा असतो.

वीज सोपी वाट धरते. ओली त्वचा आणि तिच्याखालच्या ऊती ही सोपी वाट, कवटीचं हाड ही अवघड. त्यामुळे प्रवाहाचं होतं ते कालव्याच्या पाण्यासारखं: वरच्या गावांनी मोटारी लावल्या की टेलच्या शेतकऱ्याकडे फक्त ओलावा पोचतो. न्यूयॉर्कचे ग्यॉर्गी बुझाकी आणि हंगेरीतल्या सेगेडचे त्यांचे सहकारी यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर हे प्रत्यक्ष मोजलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार प्रवाहाचा पाऊण हिस्सा त्वचा आणि कवटीतच खर्ची पडू शकतो. शस्त्रक्रियेसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या जिवंत रुग्णांमध्येही मोजमाप झालं आहे. २ मिलिअँपिअरला मेंदूत जास्तीत जास्त ०.८ व्होल्ट प्रतिमीटर एवढं क्षेत्र मिळालं. याचा अर्थ परिणाम शून्य असा नाही. पण तो इतका नाजूक असतो की कवटीची जाडी आणि मेंदूच्या वळ्यांची ठेवण यांनी तो माणसागणिक बदलतो. दोन भावांनी एकच पट्टा लावला तरी दोघांच्या मेंदूला मिळणारा डोस वेगळा.

आणि जागा? प्रयोगशाळेत टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. टक्केवारी काढून पेनानं खूण करतात आणि त्या खुणेवर स्पंज बसतो. कामचलाऊ स्मृतीशी (वर्किंग मेमरीशी) संबंधित म्हणून डाव्या कपाळावरचा ‘एफ थ्री’ हा बिंदू फार वापरला जातो. घरी आरशात बघून, अंदाजानं, भांग सारून पट्टा चढवला तर स्पंज बोटभर इकडेतिकडे सहज होतो. त्यात डोक्याला खोबरेल चोपडलेलं असेल तर विचारायलाच नको. तेलातून वीज जात नाही. ठरलेला प्रवाह पुरा करायला यंत्र व्होल्टेज वाढवत जातं आणि जिथं म्हणून त्वचेला ओला स्पर्श उरला असेल तेवढ्याच ठिपक्यातून सगळा प्रवाह घुसतो. भाजण्याच्या तक्रारी यातूनच येतात.

‘झिणझिण्या येतायत, म्हणजे चालू आहे’

झिणझिण्या त्वचेला येतात, मेंदूला नाही. मेंदूला स्पर्शाची वा वेदनेची संवेदना नसते, म्हणून तर रुग्ण जागा असताना मेंदूची शस्त्रक्रिया करता येते.

संशोधक याच झिणझिण्यांचा मोठ्या हुशारीनं उपयोग करतात. चाचणीतल्या निम्म्या लोकांना खरा प्रवाह देतात. उरलेल्यांना साधारण अर्धा मिनिट देऊन हळूच बंद करतात. सुरुवातीची चुणचुण दोघांनाही सारखीच जाणवते, नंतर कातडी सरावते, आणि वीस मिनिटांनी ‘खरं की खोटं?’ असं विचारलं तर पुष्कळांना धड सांगता येत नाही. खोट्या गटातलेही ‘आज डोकं हलकं वाटलं’ असं मनापासून सांगतात. घरी पट्टा लावणाऱ्याकडे असा खोटा गट नसतो. त्याच्याकडे असते खर्च केलेली रक्कम आणि सुधारणा व्हावी ही तळमळ.

अ‍ॅपमधल्या स्मरणशक्तीच्या खेळांत गुण वाढत जातात, हाही पुरावा नव्हे. कुठलाही खेळ रोज खेळला की गुण वाढतातच, पट्टा कपाटात ठेवला तरी.

‘झाला तर फायदा, नाही तर नुकसान काय?’

सगळ्यात गोड आणि सगळ्यात चुकीचा समज हा. माझ्या मते घेऊ की नको याचा निकाल इथंच लागतो, भाजण्याबिजण्यावर नाही.

ऑक्सफर्डमध्ये तेरेसा युकुलानो आणि रॉय कोहेन कदोश यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सहा दिवस नवी, बनावट अंकचिन्हं शिकवली आणि शिकताना प्रवाह दिला. मेंदूच्या मागच्या-वरच्या बाजूला, अंकांशी संबंधित भागावर प्रवाह दिला त्यांचं शिकणं सुधारलं, पण शिकलेलं आपसूक, न अडखळता वापरण्याची क्षमता घटली. कपाळामागच्या भागावर दिला त्यांच्या बाबतीत बरोबर उलट झालं. एका हाताला मिळालं ते दुसऱ्या हातातून गेलं. परीक्षेला बसणाऱ्याला यातलं काय चालेल? त्याला तर दोन्ही हवं असतं.

पुढच्याच वर्षी त्याच गटानं गणिताची धास्ती असलेले आणि नसलेले असे दोन प्रकारचे लोक घेतले. धास्ती असलेल्यांचा सोप्या आकडेमोडीतला वेग सुधारला. नसलेल्यांचा मंदावला. यंत्र तेच, जागा तीच, प्रवाह तोच.

‘फोकस’ हेडसेटचीही स्वतंत्र परीक्षा झाली. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात २४ निरोगी तरुणांना तो लावून कामचलाऊ स्मृतीची चाचणी घेतली, एकदा खरा प्रवाह देऊन आणि एकदा लटका. खऱ्या प्रवाहानंतर अचूकता घसरली. म्हणजे लक्ष वाढवायला घेतलेल्या वस्तूनं नेमकं तेच पातळ केलं.

‘मग थोडा जास्त वेळ लावू’ हा आपल्याकडचा हमखास उपाय. तोही अंगाशी येऊ शकतो. गॉटिंगेनच्याच गटानं दाखवलं आहे की १३ मिनिटं दिलेला धन प्रवाह (बॅटरीचं धन टोक मेंदूच्या हव्या त्या भागावर ठेवून दिलेला) उत्तेजन वाढवतो, आणि तोच सलग २६ मिनिटं दिला तर कमी करतो. ऋण प्रवाह १ मिलिअँपिअरला मेंदूचा तो भाग शांत करतो, २ मिलिअँपिअरला वीस मिनिटं दिला तर उलट चाळवतो. दामदुप्पट परिणामाचा हिशोब इथं लागत नाही, चिन्हच बदलतं.

एकाच बैठकीनं निरोगी माणसाच्या बौद्धिक क्षमतेवर काही भरवशाचा परिणाम होतो का, हे जारेड हॉर्वथ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली त्या वेळपर्यंतचे प्रयोग एकत्र करून तपासलं. त्यांना तो आढळला नाही. त्यांच्या पद्धतीवर टीकाही झाली, वाद आहे. पण वाद ‘थोडा परिणाम की अजिबात नाही’ असा आहे, ‘थोडा की प्रचंड’ असा नव्हे. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्याच ३९ संशोधकांनी घरी वापरणाऱ्यांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. स्वतःच्या संशोधनाचं साधन लोकांनी जपून वापरावं म्हणून संशोधकच पत्र लिहितात, हे दृश्य विरळा. त्यात त्यांनी म्हटलं होतं की ३० टक्क्यांपर्यंत लोकांमध्ये परिणाम इतरांच्या उलट दिशेनं जाऊ शकतो. आपण त्यातले आहोत का, हे घरबसल्या कळायचा मार्ग नाही.

‘घातक आहे’ आणि ‘शंभर टक्के सेफ आहे’

दोन्ही अतिशयोक्ती. ३३,२०० हून अधिक बैठकांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रवाह ४ मिलिअँपिअरपर्यंत आणि वेळ ४० मिनिटांपर्यंत असताना गंभीर किंवा कायमची इजा एकाही नोंदीत नव्हती. मात्र या बैठका निवडलेल्या लोकांच्या, तपासलेल्या यंत्रांवरच्या, देखरेखीखालच्या. फिट येणारे, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर असलेले बहुतेक प्रयोगांत आधीच वगळलेले. खूप तास, महिनोन्‌महिने, रोज वापरणाऱ्यांचा हा हिशोब नाही. लहान मुलांबद्दलची माहिती तर आणखी तोकडी. संगणकावरच्या नमुन्यांत तेवढ्याच प्रवाहानं मुलांच्या मेंदूत मोठ्यांपेक्षा तीव्र क्षेत्र तयार होताना दिसतं, त्यामुळे दहावी-बारावीच्या मुलाला पट्टा घेऊन देणाऱ्या पालकांनी हा आढावा दाखवू नये.

घरगुती जुगाडाबद्दल दोन वाक्यं. साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला प्रवाह आवरणारं सर्किट नसेल, तर ओल्या त्वचेचा रोध दोन हजार ओहमवर उतरताच साडेचार मिलिअँपिअर वाहतात, ठरवलेल्याच्या दुपटीहून जास्त. शाळेतल्या ओहमच्या नियमानं कुणालाही पडताळता येईल.

‘नैराश्यावर चालतं, मग अभ्यासावर का नाही?’

नैराश्यावर खरोखर गंभीर काम झालं आहे, पण तिथंही चित्र एकसारखं नाही. २०२४ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १७४ रुग्णांनी दहा आठवडे घरी पट्टा वापरला, व्हिडिओवरून देखरेख होती. खऱ्या प्रवाहाच्या गटात ४४.९ टक्के लक्षणमुक्त झाले, लटक्या गटात २१.८ टक्के. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये २१० रुग्णांच्या, देखरेखीविना घरगुती वापराच्या चाचणीत मात्र खरं यंत्र लटक्यापेक्षा सरस ठरलं नाही. त्याआधी २०२३ मध्ये जर्मनीत औषधाच्या जोडीला टीडीसीएस देऊनही वेगळा फायदा दिसला नव्हता. २०१७ च्या ब्राझीलमधल्याच एका चाचणीत प्रवाह मिळालेल्यांपैकी दोघांना उन्मादाचा झटका आला होता. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्समध्ये स्किझोफ्रेनियातल्या भासांवर टीडीसीएसचा अभ्यास झाला आहे, पण तिथं रुग्ण असतो, निदान असतं आणि समोर मनोविकारतज्ज्ञ असतो. मन खरोखरच खचलं असेल तर त्यांच्याकडे जावं, हे यंत्र हवं की नको ते त्यांना ठरवू द्यावं.

आता पेटीवरच्या शिक्क्यांकडे वळू. विक्रेते आजाराचं नाव सहसा घेत नाहीत. ‘वेलनेस’, ‘परफॉर्मन्स’ असे शब्द वापरले की वैद्यकीय उपकरणांच्या कडक छाननीपासून दूर राहता येतं. युरोपनं ही पळवाट डिसेंबर २०२२ मध्ये बुजवायला घेतली. उपचाराचा दावा नसलेली मेंदू-उत्तेजक यंत्रंही तिथं सर्वांत जोखमीच्या तिसऱ्या वर्गात टाकली गेली. ‘सीई’ हा शिक्का एखाद्या वस्तूवर केवळ विद्युत-सुरक्षेच्या नियमांसाठीही असू शकतो. ‘एफडीए रजिस्टर्ड’ म्हणजे कंपनीनं अमेरिकी नियामकाकडे नाव नोंदवलं एवढंच, अमेरिकेच्या नियमांतच लिहिलंय की नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. तेव्हा विक्रेत्याला विचारायचं ते एवढंच: नेमक्या कुठल्या उपयोगासाठी मान्यता मिळाली, आणि तुमच्याच यंत्रावर, लटक्या प्रवाहाशी तुलना करून, कुणा त्रयस्थानं केलेली चाचणी कुठं छापून आली आहे? उत्तरादाखल ग्राहकांच्या अभिप्रायांची लिंक आली, तर पट्ट्याची ऑर्डर रद्द करायला हरकत नाही.