घरातून तोडलं, तर धंद्यातून उभं राहू!

निर्वासित म्हटलं की परदेश आठवतो. पण तृतीयपंथी किंवा समलिंगी म्हणून घरच्यांनीच बाहेर काढलेली मुलंही बेघरच असतात. अनेकांची धाव मुंबईकडे. पेण-रोह्यातच त्यांना पायावर उभं राहता येईल का? येईल!

📌 आधी ओळखपत्र: 2019 च्या कायद्यानुसार तृतीयपंथी व्यक्तींना जिल्हाधिकारी ते देतात, आपल्या रायगडमध्ये अलिबागला. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा.

📌 निवारा: केंद्राच्या ‘स्माईल’ योजनेत (2022) तृतीयपंथींसाठी ‘गरिमा गृह’ आहे. राहणं, जेवण आणि कौशल्य प्रशिक्षण, तिन्ही तिथे मिळतं.

📌 भांडवल: मुद्रा ‘शिशु’ कर्ज 50,000 रुपयांपर्यंत, तेही तारणाशिवाय. हातगाडी लावायची असेल तर नगरपरिषदेत ‘पीएम स्वनिधी’ची चौकशी करा.

📌 धंदा कोणता? पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून रंग न दिलेल्या गणेशमूर्ती बाहेरगावी जातात. मूर्ती रंगवताना सगळ्यात नाजूक काम डोळ्यांच्या आखणीचं. हात बसला की कारागिराला मागणी येतेच. पेणचे पापड-पोहे घेऊन रोह्याच्या बाजारात विकणं हाही कमी भांडवलाचा मार्ग.

खरी अडचण मात्र पैशांच्या आधी येते. भाड्याने खोली मिळत नाही, पहिला माल कुणी उधारीवर देत नाही, बँकेत जामीनदार मागितला की सगळे मागे सरतात. योजना इथे कमी पडतात, माणसं लागतात.

तुमचा गाळा, कारखाना किंवा रिकामी खोली असेल तर एकाला तरी संधी द्या. निदान यंदाची पापडांची ऑर्डर तरी! 🏳️‍🌈