वर्डप्रेस प्लगइनमधील मोडल संवादचौकट

मोडल संवादचौकट ही मूळ पानाच्या वर उघडणारी आणि बंद होईपर्यंत त्या पानाचा वापर थांबवून ठेवणारी चौकट होय. बोलीभाषेत तिला ‘डायलॉग बॉक्स’ किंवा ‘पॉपअप’ म्हटले जाते. वर्डप्रेस या आशय व्यवस्थापन प्रणालीसाठी प्लगइन लिहिताना नोंद काढून टाकण्यापूर्वी खात्री करून घेणे, छोटा अर्ज भरून घेणे किंवा चित्र निवडू देणे अशा कामांसाठी ती बनवली जाते. चौकट उघडताच वापरकर्त्याचा उरलेल्या पानावरील ताबा जातो. तो ताबा त्याला योग्य ठिकाणी आणि काहीही न गमावता परत मिळतो की नाही, यावर अशा चौकटीचा दर्जा ठरतो.

## संकल्पना

‘मोड’ म्हणजे प्रणालीची अशी अवस्था, जिच्यात ठरावीक कृतींनाच परवानगी असते किंवा नेहमीच्या कृतीचा अर्थ बदलतो. मोडल चौकट उघडी असताना तिच्याबाहेरील बटणे, दुवे आणि मजकूर निष्क्रिय असतात. बिगर-मोडल चौकट उघडी असताना मात्र मागचे पान वापरता येते. लेखन-सॉफ्टवेअरमधील शब्द शोधण्याची चौकट हे तिचे परिचित उदाहरण आहे.

ब्राउझरमध्ये खात्री विचारणारी अंगभूत चौकट असतेच. जावास्क्रिप्टमधील ‘कन्फर्म’ हे फलन ती एका ओळीत उघडते. परंतु तिच्या बटणांवरील शब्द बदलता येत नाहीत, तिच्यात अर्जाचे रकाने ठेवता येत नाहीत आणि ती उघडी असेपर्यंत पानावरील आज्ञावली थांबून राहते. या मर्यादांमुळे प्लगइनचे लेखक स्वतःची चौकट घडवतात. मात्र त्याबरोबर, अंगभूत चौकटीत ब्राउझर जी कामे स्वतः करतो, तीही लेखकाच्या अंगावर येतात.

या लेखात पुढे एकच उदाहरण घेतले आहे: ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सभासदांची यादी ठेवणारे प्लगइन. यादीतील प्रत्येक ओळीत ‘नोंद काढा’ असे बटण असून ते दाबल्यावर खात्री करून घेणारी चौकट उघडते.

## इतिहास

मोडविषयीचा वाद वेबपेक्षा जुना आहे. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात काम करणारे संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांनी मोडरहित लेखन-सॉफ्टवेअरचा पुरस्कार केला. त्यांच्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवरही ‘नो मोड्स’ अशी अक्षरे होती. त्यानंतर ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे चित्रमय पडदा लोकप्रिय झाला आणि संवादचौकट त्याचे नित्याचे अंग बनली.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. २००४ मधील १.२ या आवृत्तीत प्लगइनची सोय आली. पुढे थिकबॉक्स ही जेक्वेरीवर आधारलेली छोटी आज्ञावली वर्डप्रेसमध्ये समाविष्ट झाली आणि अनेक प्लगइन तिच्यावर विसंबू लागली. थिकबॉक्सच्या मूळ प्रकल्पाची देखभाल पुढे थांबली. डिसेंबर २०१२ मधील ३.५ या आवृत्तीत बॅकबोन या जावास्क्रिप्ट ग्रंथालयावर उभारलेली नवी माध्यम-निवड चौकट आली. डिसेंबर २०१८ मधील ५.० या आवृत्तीसोबत ‘गुटेनबर्ग’ हा ठोकळ्यांवर आधारित संपादक आला, तेव्हा त्याच्यासाठी रिॲक्टमध्ये लिहिलेला ‘मोडल’ हा घटक उपलब्ध झाला.

दरम्यान एचटीएमएलमध्ये ‘डायलॉग’ या टॅगची भर पडली. क्रोमने तो २०१४ मध्ये स्वीकारला. फायरफॉक्स आणि सफारी यांनी मार्च २०२२ मध्ये त्याला आधार दिला आणि त्यानंतर तो सर्व प्रमुख ब्राउझरांत वापरता येऊ लागला.

## उभारणीचे मार्ग

### साधी चौकट आणि थरांचा प्रश्न

जुन्या पद्धतीत चौकटीचा मजकूर ‘डिव्ह’ या सामान्य टॅगमध्ये ठेवून तो सीएसएसच्या साहाय्याने पानाच्या मध्यभागी आणला जातो आणि त्यामागे अर्धपारदर्शक पडदा पसरला जातो. कोणता थर वर दिसावा हे ‘झेड-इंडेक्स’ या मूल्यावरून ठरते. वर्डप्रेसच्या व्यवस्थापन-पट्टीचे हे मूल्य ९९,९९९ आणि माध्यम-निवड चौकटीचे १,६०,००० आहे. प्लगइनने याहून लहान मूल्य ठेवल्यास चौकटीचा वरचा भाग पट्टीखाली झाकला जातो. उलट फार मोठे मूल्य ठेवल्यास, प्लगइनच्या चौकटीतून उघडलेली माध्यम-निवड चौकट तिच्याच मागे दडते आणि वापरकर्त्याला पान अडकल्यासारखे भासते.

### डायलॉग टॅग

‘डायलॉग’ टॅग ‘शोमोडल’ या पद्धतीने उघडल्यास ब्राउझर चौकट सर्वोच्च थरात ठेवतो. हा थर झेड-इंडेक्सच्या स्पर्धेबाहेर असतो. मागचे पान निष्क्रिय करणे, एस्केप कळ दाबल्यावर चौकट बंद करणे आणि बंद झाल्यावर कळफलकाचा रोख पूर्वीच्या बटणावर परत नेणे, ही कामेही ब्राउझरच करतो. हाच टॅग ‘शो’ या पद्धतीने उघडल्यास चौकट बिगर-मोडल होते. दोन नावांतील साधर्म्यामुळे ही चूक सहज घडते. डायलॉग टॅग वापरूनही काही कामे लेखकाकडे उरतात. चौकटीला नाव देणे, मागच्या पानाचे सरकणे थांबवणे आणि आतील मजकूर लांबल्यास तो चौकटीतच सरकेल अशी व्यवस्था करणे, ही त्यांपैकी प्रमुख होत.

### संपादकातील मोडल घटक

प्लगइन ठोकळा-संपादकात काम करत असल्यास वर्डप्रेसचा स्वतःचा मोडल घटक सोयीचा ठरतो. त्याला शीर्षक आणि बंद करण्याच्या वेळी चालवायचे फलन पुरवावे लागते. चौकट उघडी आहे की बंद, ही माहिती मात्र प्लगइनने आपल्या स्थितीत सांभाळायची असते. बंद करण्याची विनंती आल्यावर ही स्थिती बदलली नाही, तर बटण दाबूनही चौकट हलत नाही.

### आज्ञावलीची जोडणी

चौकटीची जावास्क्रिप्ट आणि सीएसएस पानात थेट न लिहिता वर्डप्रेसच्या रांगेत नोंदवण्याचा संकेत आहे. व्यवस्थापन विभागात ही नोंदणी करणाऱ्या हुकला चालू पानाची ओळख मिळते. तिच्या आधारे आज्ञावली केवळ आपल्याच पानावर आणता येते. ही तपासणी वगळल्यास सभासद-यादीसाठी लिहिलेली सीएसएस इतर प्लगइनांच्या चौकटींचे रूपही बदलू शकते. हे टाळण्यासाठी वर्गनावांच्या आरंभी प्लगइनचे स्वतःचे उपपद लावले जाते.

## रोख आणि सुगम्यता

कळफलकावर पुढचे अक्षर ज्या घटकात उमटेल किंवा एंटर कळ ज्या बटणाला लागू होईल, त्या घटकावर ‘फोकस’ म्हणजे रोख आहे असे म्हणतात. माउस वापरणाऱ्याला त्याची फारशी जाणीव नसते. दृष्टिहीन व्यक्ती, हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्ती आणि केवळ कळफलकावर काम करणारे कर्मचारी यांच्यासाठी मात्र पानावरील आपले स्थान ओळखण्याचे ते मुख्य साधन असते.

सभासद-यादीच्या उदाहरणात चौकट उघडली आणि रोख मागच्या यादीतच राहिला, तर स्क्रीन रीडर चौकटीचा मजकूर वाचत नाही. वापरकर्त्याला प्रश्न ऐकूच येत नाही. तो टॅब कळ दाबत पडद्याआड गेलेल्या यादीत फिरत राहतो. माउसने तपासणाऱ्या लेखकाच्या दृष्टीस हा दोष पडत नाही.

हे टाळण्यासाठी पुढील नियम पाळले जातात.

- चौकट उघडताच रोख तिच्या आत जावा. विनाशक कृतीची खात्री विचारताना तो ‘मागे जा’ अशा निरुपद्रवी बटणावर ठेवणे इष्ट असते. अन्यथा सवयीने दाबलेली एंटर कळ नोंद काढून टाकते.
- टॅब कळ दाबत राहिल्यास रोख मागच्या पानात जाऊ नये.
- एस्केप कळ आणि दिसणारे बटण, अशा दोन्ही मार्गांनी चौकट बंद करता यावी.
- बंद झाल्यावर रोख चौकट उघडणाऱ्या बटणावर परतावा.

यांतील शेवटच्या नियमाला एक अडचणीचा अपवाद आहे. नोंद काढली गेल्यावर तिची ओळही नाहीशी होते आणि रोख परत नेण्यासाठी बटणच उरत नाही. अशा वेळी रोख पानाच्या आरंभी फेकला जातो आणि शेकडो ओळींच्या यादीत वापरकर्ता आपली जागा गमावतो. म्हणून तो पुढच्या ओळीवर, किंवा यादी रिकामी झाल्यास तिच्या शीर्षकावर नेला जातो आणि नोंद काढल्याची सूचना स्क्रीन रीडरला स्वतंत्रपणे कळवली जाते.

‘डायलॉग’ टॅग न वापरता बनवलेल्या चौकटीची ओळख स्क्रीन रीडरला पटवून देण्यासाठी एरिया या मानकातील भूमिका आणि गुणधर्म वापरले जातात. ‘एरिया-मोडल’ हा गुणधर्म या मानकाच्या १.१ या आवृत्तीत २०१७ मध्ये आला. तो केवळ माहिती देतो. रोख अडवून धरण्याचे काम करत नाही. वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनुसार कळफलकाने एखाद्या घटकात शिरता येत असेल, तर कळफलकानेच बाहेरही पडता आले पाहिजे. भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे.

## सुरक्षितता

चौकटीतील ‘होय’ हे बटण सुरक्षिततेचा उपाय नव्हे. ते केवळ ब्राउझरमध्ये असते आणि सर्व्हरला पाठवायची विनंती चौकट न उघडताही तयार करता येते. त्यामुळे नोंद काढण्यापूर्वी सर्व्हरवर तीन तपासण्या कराव्या लागतात.

पहिली तपासणी ‘नॉन्स’ची. नॉन्स म्हणजे ठरावीक वापरकर्ता आणि ठरावीक कृती यांच्याशी बांधलेली अल्पकालीन खूण होय. वापरकर्त्याच्या नकळत दुसऱ्या संकेतस्थळावरून पाठवलेली विनंती तिच्यामुळे नाकारता येते. दुसरी तपासणी अधिकाराची. नॉन्स बरोबर असला, तरी त्या व्यक्तीला नोंद काढण्याचा अधिकार आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. तिसरी तपासणी आलेल्या माहितीची असते. सभासदाचा क्रमांक खरोखर संख्या आहे का, हे पाहिले जाते. याशिवाय चौकटीत सभासदाचे नाव दाखवताना ते साधा मजकूर म्हणूनच उमटवावे लागते. अन्यथा नावाच्या रकान्यात भरलेली आज्ञावली व्यवस्थापकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकते.

वर्डप्रेसमधील नॉन्सची मुदत अधिकाधिक २४ तासांची असते. पान आदल्या दिवसापासून उघडे असल्यास विनंती फेटाळली जाते. अशा वेळी अर्ज असलेली चौकट निमूट बंद झाली, तर काम झाल्याचा समज होतो आणि भरलेला मजकूरही जातो. म्हणून अपयश आल्यास चौकट उघडीच ठेवून कारण सांगणे आणि मजकूर राखणे आवश्यक ठरते.

## मराठी मजकूर आणि देवनागरी

वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे. चौकटीतील सर्व वाक्ये भाषांतर-फलनांतून नेली, तर प्लगइनही मराठीत आणता येते. जावास्क्रिप्टमधील वाक्यांसाठी ही सोय ५.० या आवृत्तीपासून आहे.

शब्दशः भाषांतरात मात्र अडचणी येतात. ‘सभासदत्व रद्द करायचे आहे का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणे आल्यास ‘रद्द करा’ म्हणजे सभासदत्व रद्द करणे की चौकट, हे कळत नाही. ‘सभासदत्व रद्द करा’ आणि ‘मागे जा’ अशी बटणे ठेवल्यास संदिग्धता उरत नाही. बटणावर कृतीचे पूर्ण नाव असणे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठीही उपयुक्त असते, कारण प्रश्न न वाचता थेट बटणावर आले तरी अर्थ समजतो.

वाक्याच्या मधोमध नाव बसवण्याची पद्धतही मराठीला मानवत नाही. विभक्तिप्रत्यय लागताना नामाचे रूप बदलते. ‘ग्रंथालय’ या शब्दाला नुसते ‘ची’ जोडून ‘ग्रंथालयाची’ होत नाही. यासाठी नाव स्वतंत्र ओळीत दाखवून प्रश्न वेगळा विचारला जातो. देवनागरीत मात्रा, रफार आणि उकार ओळीच्या वर-खाली पसरतात. त्यामुळे रोमन लिपीच्या मापाने ठरवलेल्या अरुंद बटणांत ते कापले जाऊ शकतात. उंची ठरावीक न ठेवता मजकुरानुसार वाढू देणे हा त्यावरील उपाय आहे.

## टीका आणि पर्याय

वापरसुलभतेचे अभ्यासक जेफ रॅस्किन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात खात्री विचारणाऱ्या चौकटींवर टीका केली. एकच प्रश्न वारंवार विचारला गेला, की ‘होय’ म्हणणे सवयीचा भाग बनते आणि चौकटीचा हेतूच संपतो. कृती मागे घेण्याची सोय देणे त्यांना अधिक योग्य वाटे. वर्डप्रेसनेही डिसेंबर २००९ मधील २.९ या आवृत्तीत कचरापेटीची सोय आणली. तेव्हापासून काढलेला लेख मूळ व्यवस्थेनुसार ३० दिवस परत मिळवता येतो. सभासद-यादीच्या प्लगइनमध्येही अशी सोय असल्यास खात्रीच्या चौकटीची गरज बहुतांशी उरत नाही.

संकेतस्थळाच्या दर्शनी भागावर मजकूर झाकून टाकणाऱ्या चौकटींवर वाचकांचा रोष अधिक असतो. गुगलने जानेवारी २०१७ पासून मोबाइलवरील अशा अडथळ्यांचा शोध-क्रमवारीत प्रतिकूल विचार करण्यास सुरुवात केली.

काही प्रसंगी मात्र थांबवणे हेच वापरकर्त्याच्या हिताचे असते. लेख लिहीत असताना प्रवेशाची मुदत संपल्यास वर्डप्रेस पानावरच मोडल चौकट उघडून पुन्हा प्रवेश करू देते. २०१३ मधील ३.६ या आवृत्तीपासून असलेल्या या सोयीमुळे लिहिलेला मजकूर मागच्या पानावर तसाच राहतो आणि प्रवेशानंतर लेखन जिथे थांबले होते तिथून पुढे चालू ठेवता येते.

## हेही पहा

- वर्डप्रेस
- आशय व्यवस्थापन प्रणाली
- वेब सुगम्यता
- स्क्रीन रीडर
- जावास्क्रिप्ट