धर्माचा तास आणि शेतातले दाखले

वाचकहो, शेतीखात्याच्या माणसानं शाळेतल्या धर्मशिक्षणावर का लिहावं, असं तुमच्या मनात येईल. कारण साधं आहे. ख्रिस्ती प्राथमिक शाळेत धर्माच्या तासाला जे पुस्तक उघडलं जातं, त्यात पेरणी आहे, तण आहे, अंजिराचं झाड आहे, द्राक्षमळ्यातले रोजंदारीवरचे मजूर आहेत. खेड्यातल्या पोराला जे शेतात दिसतं, तेच तिथे पुस्तकात आहे. आणि त्या तासाला कुणी बसावं, कुणी बसू नये, हा प्रश्न पालक म्हणून तुमच्याही दारात येतो.

आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, हा विषय नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच १८४२ मध्ये निघालं. पुढे राहुरी, संगमनेर, श्रीरामपूरकडे कॅथलिक फादर आणि सिस्टर यांच्याही शाळा उभ्या राहिल्या. अशा शाळेच्या पहिलीच्या वर्गात आज डोकावलं तर ख्रिस्ती, मराठा, माळी, धनगर, बौद्ध, मुसलमान अशी सगळ्या घरची मुलं एकाच सतरंजीवर बसलेली दिसतील. मग धर्माचा तास घ्यायचा कसा, आणि कुणासाठी?

बी वाटेवर का पडलं?

पेरणाऱ्याचा दाखला पुष्कळांना ठाऊक असतो. काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी टिपलं. काही खडकाळीवर पडलं, ते उगवलं आणि वाळलं. काही काट्यांत गुदमरलं. चांगल्या जमिनीत पडलं ते तीसपट, साठपट, शंभरपट झालं. बाई हे सांगतात आणि मागच्या रांगेतला एखादा विचारतो, "बाई, वाटेवर कोण पेरतं? आमचे आबा तर तिफण धरतात, एक दाणा वाया जाऊ देत नाहीत."

प्रश्न रास्त आहे. त्याला "गप्प बस" हे उत्तर नव्हे. त्या देशात बी हातानं फोकून पेरत. आधी बी फोकायचं आणि मग नांगर फिरवायचा, अशीही रीत होती असं सांगतात. शेतातून गेलेली पायवाट, बांधालगतचे काटे, वर चार बोटं माती आणि खाली खडक, अशा सगळ्या ठिकाणी मूठभर बी जायचंच. आपल्या बरड रानात बघा. वरची पातळ माती लवकर तापते, अंकुर झटकन वर येतो, पण खाली ओल धरायला जागा नसते. दोन दिवस ऊन पडलं की पीक माना टाकतं. हे पोराला माहीत असतं. बाईंनी फक्त त्याच्या माहितीला हाक मारायची.

त्यासाठी खर्चही नाही. पत्र्याचे चार जुने डबे घ्या. एकात चोपून घट्ट केलेली माती, दुसऱ्यात मुरूम आणि वर मातीचा पातळ थर, तिसऱ्यात हरळीच्या काशा मिसळलेली माती, चौथ्यात शेणखत घातलेली काळी. चारही डब्यांत मोजून तेवढाच गहू टाका आणि सारखं पाणी द्या. मुलांनी पंधरा दिवस रोज बघून वहीत लिहायचं. हा प्रयोग परिसर अभ्यासाचा, तो सगळ्या वर्गानं करावा. दाखल्यातला धर्माचा अर्थ मात्र ज्यांचा तास आहे त्यांना, त्यांच्या तासाला सांगावा.

तण उपटू नये का?

दुसरा दाखला निदणाचा. आपल्या 'निंदणी'शी जुळणारा हा शब्द. गव्हात कुणीतरी वैऱ्यानं तण पेरलं. गडी म्हणाले, उपटून टाकू का? धनी म्हणाला, नको, गहूही उपटला जाईल. दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्या. आता आम्ही विस्तारवाले गावोगाव सांगत फिरतो की खुरपणी वेळेवर करा. मग पोरगं गोंधळणार नाही तर काय?

पण हे साधं तण नव्हे. ते ओंबी बाहेर पडेपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. मुळं गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात. दळणात गेलं तर खाणाऱ्याला भोवळ येते. म्हणजे धन्याला तणाची काळजी नव्हती असं नाही. नक्की ओळख पटण्याआधी हात घालू नये, एवढंच त्याचं म्हणणं. दाखला शेतीच्या सल्ल्यासाठी सांगितलेलाच नाही. कोण चांगला आणि कोण वाईट हे माणसानं घाईनं ठरवू नये, यासाठी तो आहे. हे उलगडून सांगितलं तर पोराचा बापावरही विश्वास राहतो आणि बाईंवरही.

अंजिराचंही तसंच. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला निघतो. माळी म्हणतो, एक वर्ष थांबा, मी आळं खणतो, खत घालतो. पुरंदरकडच्या अंजीरवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. वर्गात मागे पडलेल्या पोराबद्दल आपण एवढं थांबतो का, हा प्रश्न बाईंनी स्वतःलाही विचारावा.

संमती कुणाची?

आता दुसरी बाजू. राज्यघटनेचं २८ वं कलम याबाबत स्पष्ट आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धर्मोपदेश देता येत नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत असा तास नसतो. ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत तो घेता येतो. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क ३० व्या कलमानं दिलेला आहे. पण शाळा सरकारमान्य असो वा अनुदानित, धर्माच्या तासाला किंवा उपासनेला कुणालाही सक्तीनं बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. आणि प्राथमिक शाळेतली सगळीच मुलं अज्ञान!

सर्वधर्मांची माहिती आणि त्यांतली मूल्यं शिकवणं ही गोष्ट वेगळी. त्याला २८ व्या कलमाची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या खटल्यात सांगितलं आहे. म्हणजे धर्माचा तास चालू असताना बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षणाचा तास देता येतो.

हा कागदाचा कीस वाटेल, पण याच्यावर पोरांचं शिक्षण अडतं. न विचारता मूल प्रार्थनेला बसवलं, गावात कुजबुज झाली, की बाप पोराचं नाव काढतो. मुलगा दुसऱ्या गावी सायकलवर जातो. मुलगी घरी बसते. उलटही घडतं. वाद नको म्हणून शाळा तासच गुंडाळते. मग ज्या ख्रिस्ती मजुराच्या वस्तीवर पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, रविवारची शब्बाथ शाळा भरत नाही, त्याच्या लेकराला स्वतःच्या धर्माची ओळख करून देणारं कुणी उरत नाही. दोन्हीकडे नुकसान लेकराचंच.

आणि हो, ज्यांची संमती नाही त्यांना व्हरांड्यात रिकामं उभं करू नका. तेवढ्यानंसुद्धा पोराला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. त्यांनाही खोली हवी, बाई हवी, गोष्ट हवी.

आपल्या मातीतली रीत

धर्म शिकवायचा तर आपल्या भाषेच्या वळणानं, हेही इथे जुनंच आहे. फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत रचली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापलं गेलं. कविवर्य नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगर-राहुरीकडे काम केलं आणि अभंग, भजन, कीर्तन यांतून ख्रिस्त सांगितला. टाळ-मृदंगाच्या गावात वाढलेल्या पोराला भजन परकं वाटत नाही. नुसती प्रश्नोत्तरं घोकून घेण्यापेक्षा एक भजन आणि एक दाखला पुष्कळ काम करतो.

काय करावं?

मुख्याध्यापकांनी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच संमतीचा कागद पालकाला मराठीत वाचून दाखवावा. नुसता अंगठा घेऊ नये. आईलाही विचारावं. "नाही" म्हणणाऱ्याच्या मुलाला वर्षभर कुणी टोचून बोलू नये. वर्षात एक दिवस पालकांना मागे बसून तास बघू द्यावा. लपवण्यासारखं काही नसलं की कुजबुजीला जागा राहत नाही.

पालकांनीही चावडीवरच्या गप्पांवर न जाता शाळेत जाऊन विचारावं. हो म्हणायचं की नाही, हा हक्क तुमचा आहे. पण ठरवायचं ते बघून, ऐकून ठरवा. आणि काहीही ठरलं तरी पोरीचं नाव शाळेतून काढू नका.