शंभराला एक

ऑक्टोबर महिन्यातील एका रात्री बंगळूरच्या दक्षिण भागात पावसाने असा काही जोर धरला की सकाळी आमच्या वस्तीतील सखल रस्ते पाण्याखाली गेलेले होते, शाळांच्या गाड्या ठिकठिकाणी खोळंबल्या होत्या आणि इमारतींच्या तळघरांतून पंपाने पाणी उपसण्याचे काम सर्वत्र चालू होते. आणि त्याच सकाळी साडेसहाच्या सुमारास, जे. पी. नगरातील आमच्या फेजमधल्या मैदानावर, पंधरा-सोळा वर्षांची मुले निर्वेधपणे फुटबॉल खेळत होती. चेंडू टप्पा घेत होता, चिखलात रुतत नव्हता. पूर्वी ज्या जागी एका पावसाचे तळे आठवडाभर हटत नसे, तेथे पहाटेच्या आत पाणी गेले कोठे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, आणि त्याचे उत्तर शोधावे म्हणून मी कुंपणाच्या आत पाऊल टाकले.

तेथे मला अण्णा भेटले. मुले त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. वय साठीच्या आसपास, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात खुरपे. मूळचे निपाणीकडच्या एका खेड्यातले. तरुणपण तंबाखूच्या शेतात गेले, पुढे पोटापाण्यासाठी बंगळुरास येऊन अनेक वर्षे एका रोपवाटिकेत राबले, आणि आता या मैदानावर खेळणाऱ्या क्लबांनी वर्गणी काढून त्यांना नेमले आहे. मी मराठी बोलतो आणि कोल्हापूरकडचा आहे हे कळताच त्यांनी खुरपे खाली ठेवले आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर तीन शब्दांत दिले : "शंभराला एक, बघा."

त्याचा अर्थ असा, की मैदान मध्यभागी किंचित उंच ठेवावयाचे आणि तेथून दोन्ही बाजूंच्या रेषांकडे शंभर फुटांना एक फूट याप्रमाणे उतरते न्यावयाचे. आमच्या मैदानाची रुंदी ६४ मीटर आहे. म्हणजे मध्यापासून बाजूच्या रेषेपर्यंत ३२ मीटरांच्या अंतरात केवळ ३२ सेंटिमीटरांचा उतार. खेळणाऱ्याच्या पायाला तो जाणवत नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही. पाण्याला मात्र तो बरोबर कळतो. मी घरी येऊन हिशेब मांडला. १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद अशा मैदानावर एक इंच पाऊस पडला तर त्यावर १,६०,००० लिटरांहून अधिक पाणी पडते. एवढ्या पाण्याची वाट आधी नेमून दिली नाही तर ते स्वतःची वाट स्वतः शोधते, आणि ज्या ठिकाणी खेळाडूंच्या टाचांनी माती झिजून खळगा पडलेला असतो, म्हणजे नेमके दोन्ही गोलांच्या तोंडाशी, तेथे ते ठाण मांडून बसते.

मुख्य मैदानाचे काम आदल्या उन्हाळ्यात उरकलेले होते. शेजारच्या सरावाच्या पट्ट्याचे काम पुढल्या उन्हाळ्यात निघाले, आणि ते मला पहिल्या कुदळीपासून पाहता आले. माती उकरली गेली, दगडगोटे वेचले गेले, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळले गेले, दोन्ही कडांना खडी भरलेले चर निघाले. या कामाला यंत्र होते आणि ते चारचौघांसारखेच झाले. अण्णांचे कसब दिसले ते सपाटीच्या वेळी. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन, तिचे एक टोक मधल्या खुंटीशी एका मुलाच्या हाती देऊन, दुसरे टोक स्वतः धरून ते दर तीन-चार पावलांवर थांबत, नळीतील पाण्याची रेघ डोळ्यांसमोर आणून खुंटीवर खिळ्याने खूण करीत, आणि त्या खुणेशी दोरी ताणली गेली की दाताळ्याने दोन बोटे माती इकडची तिकडे ओढीत. ठेकेदाराच्या माणसाचे मत पडले की एवढ्या बारकाईची गरज नाही, रोलर फिरला की सारे सारखे होते. अण्णांनी त्याला उत्तर दिले नाही. ते पुढच्या खुंटीकडे गेले. सारखे करावयाचे नव्हतेच; शंभराला एक करावयाचे होते.

त्यानंतर हिरवळीचे काम आले, आणि माझ्यासारख्या शेतकरी घरातल्या माणसाला ते पाहताना मनात खोलवर काही हलल्यासारखे झाले. आमच्याकडे हरळी म्हणजे शेताचा जन्मवैरी. तिच्या काशा खणून काढण्यात कित्येक कुणब्यांच्या पाठी वाकल्या, बायकांचे भर उन्हाचे दिवस त्यांत गेले. आणि इथे तीच हरळी पोत्यांतून आणून, तिच्या काशांचे वीतभर तुकडे करून, अण्णा ओळीने मातीत लावीत होते. कारण जो गुण शेतकऱ्याला छळतो, तोच मैदानाला हवा असतो : तुडवली तरी ती मरत नाही, आडवी पसरत जाते, आणि तुटलेल्या प्रत्येक पेरातून पुन्हा उगवते. आयुष्याचा पूर्वार्ध जिला उपटण्यात गेला, तिलाच उत्तरार्धात लावण्याची पाळी आली, याबद्दल अण्णांच्या तोंडून मी कधी शब्द ऐकला नाही. ते एवढेच सांगत, की हरळीने जमीन धरावी तर तिला दीड-दोन महिने कोणाचा पाय लागता कामा नये.

त्यांचे वैर आता लव्हाळ्याशी आहे. लव्हाळ्याचे पाते वरवर गवतासारखेच दिसते, किंबहुना हरळीपेक्षा अधिक टवटवीत. पण ते झुबक्याने वाढते, हरळीला मागे रेटते, आणि त्याची खरी सत्ता मातीखाली असते, जेथे एकेका धाग्याला गाठीमागून गाठ लागलेली असते. वरून उपटले की धागा तुटतो आणि खालच्या गाठी नव्या उमेदीने फुटतात. यंत्राने नांगरले तर त्या मैदानभर पसरतात. पावसाने माती मऊ झाली की अण्णा उकिडवे बसून खुरप्याच्या टोकाने भोवतीची माती सैल करीत, धागा न तोडता त्याच्या मागोमाग बोटे आत नेत आणि शेवटची काळी गाठ हाती आल्याखेरीज हात बाहेर काढीत नसत. अशी एक गाठ, म्हणजेच नागरमोथा, त्यांनी नखाने फोडून माझ्या नाकाशी धरली. ओल्या तांबड्या मातीच्या वासात मिसळलेला नागरमोथ्याचा तो उग्र, औषधी सुवास मला इतका आवडला की पुढे कित्येकदा, मैदानावर काही काम नसतानाही, केवळ त्या वासासाठी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसत असे.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी रेषा आखतात. चारही कोपरे काटकोनात यावेत म्हणून अण्णा दोरीवर ९, १२ आणि १५ मीटरांच्या गाठी बांधून ती तीन खुंट्यांना ताणतात. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्यासाठी जी रज्जू वापरलेली आहे तिचेच हे तत्त्व, शाळेत पुरी चार वर्षेही न गेलेल्या हातात सहजगत्या आलेले. गोलाच्या दोन खांबांमधील अंतर ७.३२ मीटर, आडव्या दांड्याची उंची २.४४ मीटर, पेनल्टीची खूण ११ मीटरांवर. ही मापे त्यांना पावलांत पाठ आहेत, तरी ते टेप लावल्यावाचून फक्की टाकीत नाहीत. आणि फक्कीच टाकतात, चुना नव्हे : पूर्वी सर्रास चुन्याने रेषा मारीत, घसरून पडलेल्या पोराच्या डोळ्यांत तो गेला की डोळा भाजून निघे.

ज्या शहरात हे चालले आहे त्याचा फुटबॉलशी संबंध कालचा नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारा सारंगपाणी रामन हा बंगळूरचा. त्याच संघातील अहमद खान, ज्यांनी पुढे कलकत्त्यात ईस्ट बेंगाल क्लबच्या आघाडीच्या 'पंचपांडवां'त स्थान मिळवले, तेही बंगळूरचेच. त्या संघातील बहुतेक जण अनवाणी खेळले. १९६८-६९ मध्ये म्हैसूरने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, संतोष करंडक जिंकला, आणि त्यानंतर तो पुन्हा हाती यायला कर्नाटकाला २०२३ सालापर्यंत, तब्बल ५४ वर्षे, वाट पाहावी लागली. या दीर्घ प्रतीक्षेचे कारण एकच असेल असे मी म्हणणार नाही; पण अनवाणी पायाला चेंडूची ओळख ज्या मोकळ्या मातीवर झाली, ती माती शहराने या काळात किती झाकून टाकली, हे कोणीही हिंडून पाहावे. माझ्या कोल्हापुरातही हेच दुखणे आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींनी कुस्तीच्या बरोबरीने फुटबॉल वाढवला, पेठापेठांतून ईर्षा जोपासली, आणि वरिष्ठ साखळीतील १६ संघांच्या सामन्यांचा भार मात्र एकट्या शाहू स्टेडियमवर पडतो. हिरवळ ही जिवंत वस्तू आहे; तिला विसावा लागतो.

कायद्याची उणीव नाही. उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा यांचे जतन व नियमन करणारा कायदा कर्नाटकात १९८५ पासून अंमलात आहे. मैदानासाठी रकमेची तरतूदही अधूनमधून होते. परंतु ती तरतूद कोणत्या बाबीखाली होते ते पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. कमान, कुंपणाची जाळी, प्रेक्षकांसाठी पायऱ्या, दिव्यांचे खांब या इमल्याला मंजुरी मिळते, कारण त्याचे मोजमाप घेता येते, त्याचा दाखला देता येतो, त्यावर कोनशिला बसवता येते. शंभराला एक या उतारावर कोनशिला बसत नाही. आणि जो माणूस रोज सकाळी तो उतार राखतो, त्याच्या पगाराचे खाते कोणत्याच दफ्तरात उघडलेले नसते.

यावर हमखास तोडगा सुचवला जातो तो कृत्रिम गवताचा. आमच्या वस्तीच्या आसपास तासाच्या भाड्याने मिळणारी अशी बंदिस्त मैदाने आता गल्लोगल्ली आहेत, आणि पावसात व रात्रीही तेथे खेळता येते ही सोय मी नाकारीत नाही. सामन्यांची रीघ लागलेल्या मोठ्या स्टेडियमला तिच्यावाचून गत्यंतरही नसेल. परंतु उन्हात ते गवत पायाला चटके बसण्याइतके तापते, आठ-दहा वर्षांनी सगळेच्या सगळे उचलून टाकावे लागते, आणि त्यात भरलेल्या रबराच्या कणांमुळे प्लास्टिकचा सूक्ष्म कचरा पसरतो म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा कणांच्या विक्रीवर आठ वर्षांची मुदत देऊन बंदी घालण्याचे ठरवले. यांहून मला टोचणारी गोष्ट वेगळी आहे. तासाचे भाडे ज्या पोराच्या खिशात नाही, त्याला जाळीबाहेर उभे राहून खेळ पाहावा लागतो. अण्णांच्या मैदानावर मी घरकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा आणि त्याच घरातील इंजिनिअरचा मुलगा एकाच संघात खेळताना पाहिलेले आहेत, आणि वस्तीच्या मैदानाचे प्रयोजन मला याहून निराळे सांगता येणार नाही.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. बंगळूर शहराला कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरांवरून, चढावर पंपाने आणावे लागते. मार्च २०२४ मधल्या टंचाईत तर बागेला पिण्याचे पाणी घालणाऱ्यास ५,००० रुपये दंडाचा हुकूम निघाला होता. एवढ्या मैदानाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी ३२,००० लिटर लागतात. म्हणून येथे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे टँकर येतात, आणि ते पाणीही अण्णा संध्याकाळी ऊन उतरल्यावरच सोडतात. टंचाईच्या काळात त्यांनी मुख्य मैदान पिवळे पडू दिले. हरळी पिवळी पडते, मरत नाही, या ज्ञानाने त्या उन्हाळ्यात लाखो लिटर वाचले. आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर दहा-बारा दिवसांत मैदान पुन्हा हिरवे झाले.

तंटे होतात. साखळी सामने जवळ आले की मोठ्या संघांना अधिक वेळ हवा असतो, मुलींच्या संघाची वेळ आधी कापली जाते, सकाळी फिरायला येणारी वडीलधारी मंडळी मैदानाच्या मधूनच वाट पाडतात. सरावाचे हलके गोल रोज एकाच जागी राहिले तर तेथील माती उघडी पडते, म्हणून अण्णा ते आठवड्याला सरकवतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या पायांवर वाळूची पोती ठेवतात; सैल गोल अंगावर कलंडून मुले दगावल्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत. मुलींची वेळ कापू द्यायची नाही यावर यंदा क्लबांच्या बैठकीत त्यांनी जो हट्ट धरला तो पाहून मी चकित झालो, कारण पगार घेणाऱ्या माणसाने पगार देणाऱ्यांना असे ऐकवण्याचा शिरस्ता नाही. वेळ शाबूत राहिली.

कायम माळ्याची एक जागा मंजूर व्हावी अशी दरखास्त क्लबांनी संबंधित कचेरीत केलेली आहे. तिच्यावर अद्याप निर्णय नाही. अण्णांचे गुडघे आता उकिडवे बसू देत नाहीत, म्हणून क्लबांनी आपल्या वर्गणीतून त्यांच्या हाताखाली बी संघाचा एक माजी गोलरक्षक ठेवला आहे. नळीने उतार धरणे त्याला जमू लागले आहे. लव्हाळ्याचा धागा त्याच्या हातून अजून तुटतो, आणि तुटला की अण्णा त्याला त्याच जागी पुन्हा खणायला लावतात.