मुंबई किनारा व घारापुरी बेटाचे भूविज्ञान

मुंबईचा किनारा आणि मुंबई बंदरातील घारापुरी बेट ही दख्खन ट्रॅप या ज्वालामुखी खडकांच्या प्रदेशाची पश्चिम कड होय. पूर्व विदर्भ व दक्षिण कोकणातील काही भाग वगळता महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग या खडकांनी व्यापला आहे. पठारावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आढळतात. मुंबई परिसरात मात्र ते पश्चिमेकडे कललेले असून खडकांचे प्रकारही अधिक आहेत.

निर्मिती

दख्खन ट्रॅपचे मुख्य उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी झाले. त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी, सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग होण्याच्या सुमारास, पश्चिम किनाऱ्यावरील भूकवच ताणले गेले व समुद्राच्या बाजूस वाकले. या वाकलेल्या पट्ट्यास ‘पनवेल फ्लेक्सर’ म्हणतात. मुंबईतील अनेक खडक या उत्तरकालीन घडामोडींच्या वेळचे आहेत. बेसाल्टखेरीज येथे ट्रॅकाइट, रायोलाइट आणि ज्वालामुखी राखेचे थर सापडतात. शिवडी परिसरातील उशीच्या आकाराचे लाव्हापिंड तप्त लाव्हा पाण्यात थिजल्याचे दर्शवितात.

वरळीचे जीवाश्म

लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील काळात उथळ जलाशयांत गाळ साचला व पुढील प्रवाहाखाली गाडला गेला. वरळी येथील अशा थरांत लहान बेडकांचे सांगाडे मिळाले. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले. ही जाती आज ‘इंडोबॅट्रॅकस पुसिलस’ या नावाने ओळखली जाते. गोड्या पाण्यातील कासवांचे अवशेषही येथे मिळाले आहेत. उद्रेकांच्या मधल्या शांत काळात येथे जीवसृष्टी नांदत होती, याचा हा पुरावा होय.

गिल्बर्ट हिल

अंधेरी (पश्चिम) येथील गिल्बर्ट हिल हा सुमारे 60 मीटर उंचीचा बेसाल्टचा सुळका आहे. लाव्हा सावकाश थंड होताना आकुंचन पावला आणि त्यास उभ्या भेगा पडल्या. त्यांतून बहुकोनी स्तंभ तयार झाले. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. आसपासच्या दगडखाणींमुळे टेकडीचा मोठा भाग नष्ट झाला असून आज सुळक्याभोवती दाट वस्ती आहे.

घारापुरी बेट

गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे 10 किलोमीटर अंतरावरील हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. अरुंद दरीने विभागलेल्या दोन टेकड्या हे त्याचे मुख्य भूरूप होय. पश्चिमेकडील टेकडीच्या बेसाल्टमध्ये सहाव्या शतकाच्या सुमारास शैव लेणी कोरण्यात आली. युनेस्कोने 1987 मध्ये त्यांचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला. कठीण व एकजिनसी बेसाल्टमुळे लेण्यांचे विशाल खांब व सदाशिवाची भव्य मूर्ती अखंड खडकातून कोरणे शक्य झाले. बेटाच्या किनाऱ्यालगत चिखलाच्या सपाट भूमीवर खारफुटीची वने आहेत.

बदलती किनारारेषा

1870 च्या दशकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम सुरू असताना गाळाखाली खैराच्या झाडांचे उभे बुंधे आढळले. ही झाडे जमिनीवर वाढलेली असल्याने त्या ठिकाणची भूमी कालांतराने पाण्याखाली गेली, असा निष्कर्ष निघतो. याउलट सात बेटांमधील उथळ भाग मानवी भरावाने बुजवून आजचे शहर उभे राहिले. ठाणे खाडीतील चिखलपट्टे रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे 2015 मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि 2022 मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

उपयोग व संवर्धन

मालाड परिसरातील पिवळसर ट्रॅकाइट आणि कुर्ल्याचा करडा बेसाल्ट मुंबईच्या अनेक वास्तूंत वापरला गेला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. ज्या खाणींनी शहराला दगड पुरविला, त्यांनीच अनेक टेकड्या संपविल्या. मात्र खाणींच्या उघड्या कडांमुळेच काही थर अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. बांधकामाखाली झाकल्या गेलेल्या थरांचे पुन्हा निरीक्षण करणे बहुधा अशक्य असते. लेण्यांना व पाणथळ जागांना कायद्याचे संरक्षण लाभले आहे. जीवाश्मयुक्त थर व खडकांच्या उघड्या कडा यांचीही तशीच नोंद व जपणूक होणे, हा येथील भूवारशापुढील मुख्य प्रश्न आहे.