निखळलेले बोट ओढू नका

शाळेच्या मैदानावर कबड्डीची पकड करताना अथवा चेंडू झेलताना बोटावर आघात होतो आणि ते वाकडे दिसू लागते. अशा वेळी "मुरगळले असेल" असे म्हणून कोणीतरी ते बोट ओढतो किंवा तेलाने चोळतो. हेतू चांगला असला, तरी हा उपाय अपायकारक ठरू शकतो.

अंगठ्याखेरीज प्रत्येक बोटात तीन हाडे असून ती अस्थिबंधनांनी परस्परांशी जोडलेली असतात. आघाताने ही बंधने फाटून हाडाचे टोक जागेवरून सरकले, म्हणजे सांधा निखळला असे म्हणतात. बहुधा बोटाचा मधला सांधा निखळतो. बोट वाकडे वा आखूड दिसणे, सांध्यावर उंचवटा येणे, तीव्र वेदना, सूज आणि बोट हलविता न येणे ही त्याची लक्षणे होत. परंतु हाड मोडल्यासही हीच लक्षणे दिसू शकतात. दोहोंतील भेद क्ष-किरण तपासणीनेच निश्चित होतो. न तपासता बोट ओढल्यास मोडलेले हाड अधिक सरकण्याचा धोका असतो.

प्रथमोपचार सोपे आहेत. सूज वाढण्यापूर्वी अंगठी काढावी. बोट आहे त्याच स्थितीत पुठ्ठ्याच्या आधाराने सैलसर बांधावे व हात उंच धरावा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. जखम असल्यास ती स्वच्छ कापडाने झाकावी. त्यानंतर क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे. कातडी फाटली असेल अथवा बोट बधिर, थंड वा निळसर पडले असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

डॉक्टर बहुधा बोट बधिर करून सांधा बसवितात व ते शेजारच्या बोटाशी बांधून ठेवतात. पुढे त्यांच्या सल्ल्याने बोटाची हालचाल सुरू करणे आवश्यक असते. अन्यथा सांधा आखडतो. सूज मात्र काही महिने राहू शकते.

उपचाराविना काही आठवडे लोटल्यास शस्त्रक्रियेचीच वेळ येऊ शकते. आखडलेल्या बोटाने ना विळा नीट धरता येतो, ना लेखणी. म्हणून प्रत्येक शाळेच्या प्रथमोपचार पेटीत पट्ट्या व चिकटपट्टी असावी, आणि क्ष-किरणाची जवळची सोय कोठे आहे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांना आधीच ठाऊक असावे.