आरोप मागे घेतल्यानंतर

माणसावरील आरोप मागे घेतले गेले की कायद्याचे काम संपते. लोकांचे संपत नाही. खटला मागे घेणे, पुराव्याअभावी सुटका होणे आणि निर्दोष ठरणे या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. आपल्या बोलण्यात मात्र तिन्हींना एकच शब्द आहे, ‘सुटला’. आणि ‘केले असेलच काहीतरी’ हा अर्थ त्या शब्दाला न सांगता चिकटून येतो. हा फरक उमजावा म्हणून आम्ही अमेरिकेतील एक गाजलेले प्रकरण येथे घेतो.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम शहरी ड्यूक नावाचे श्रीमंत विद्यापीठ आहे. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा लॅक्रॉस नावाचा खेळ तेथे खेळतात. १३ मार्च २००६ च्या रात्री त्या संघातील खेळाडूंनी एका घरी मेजवानी केली व नाचण्यासाठी दोन स्त्रिया पैसे देऊन बोलावल्या. त्यांपैकी एकीने तिघांवर बलात्काराचा आरोप केला. ती कृष्णवर्णीय, पोटासाठी हे काम करणारी. संघातील ४७ पैकी ४६ खेळाडू गोरे. गरीब विरुद्ध श्रीमंत, काळे विरुद्ध गोरे असे चित्र उभे राहताच निकाल रस्त्यावरच लागला. लोकांनी त्या घरासमोर भांडी वाजवली, ८८ अध्यापकांनी निदर्शकांचे आभार मानणारी जाहिरात दिली, प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला आणि संघाचे उरलेले सामने रद्द झाले.

तेथे जिल्ह्याचा सरकारी वकील मतांनी निवडून येतो. माइक निफाँग यांची पक्षांतर्गत निवडणूक २ मे रोजी होती. तीपूर्वीच दोघा खेळाडूंवर आरोप ठेवले गेले, तिसऱ्यावर नंतर. ओळख पटवण्यासाठी तक्रारदार स्त्रीला जी छायाचित्रे दाखवली, ती सारी त्याच संघातील खेळाडूंची होती. बाहेरचा एकही चेहरा त्यांत नव्हता. म्हणजे चुकीचे उत्तर निघूच नये अशी ती परीक्षा! पुढे बचावाच्या एका वकिलाने डीएनएवरील पुस्तक विकत आणून स्वतः अभ्यास केला, प्रयोगशाळेचे जवळजवळ दोन हजार कागद चाळले, आणि दडवलेली गोष्ट शोधून काढली. तपासणीत इतर पुरुषांचे डीएनए मिळाले होते, ते खेळाडूंचे नव्हते, आणि अहवालात ही गोष्ट घातलीच नव्हती. १५ डिसेंबर २००६ रोजी प्रयोगशाळेच्या संचालकाने साक्षीत तसे कबूल केले. आठवड्याभरात बलात्काराचा आरोप मागे घेतला गेला. ११ एप्रिल २००७ रोजी राज्याचे ॲटर्नी जनरल रॉय कूपर यांनी उरलेले आरोपही काढून टाकले व तिघे निर्दोष आहेत असे स्पष्ट शब्दांत सांगितले. एवढे सांगणे सरकारवर बंधनकारक नव्हते. बहुतेक खटले मुकाट्यानेच मागे घेतले जातात.

यापुढील हिशेब पाहण्यासारखा आहे. निफाँग यांची सनद जून २००७ मध्ये गेली आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना एक दिवसाची कैद झाली. विद्यापीठाने तिघांशी तडजोड केली. रक्कम गुप्त राहिली. शहराविरुद्धचा दावा २०१४ पर्यंत चालला. त्यात खेळाडूंना पैसा मिळाला नाही; निरपराध कैद्यांची चौकशी करणाऱ्या राज्याच्या आयोगाला शहराने ५०,००० डॉलर दिले. खटला चालवण्याच्या कामाबद्दल सरकारी वकिलावर भरपाईचा दावा लागत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्या स्त्रीने एका मुलाखतीत आरोप खोटा होता असे सांगितले. मधे अठरा वर्षे गेली होती.

यावरून स्त्रियांच्या तक्रारी खोट्याच असतात असे जो म्हणेल, तो निफाँग यांचीच चूक उलट्या बाजूने करील. एका तक्रारीचा निकाल हा दुसरीविरुद्धचा पुरावा नव्हे. सहानुभूतीही पुरावा नव्हे, मग ती आमच्यासारख्या गरिबांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांची का असेना. सुटकेच्या दिवशी तिघांपैकी एकजण म्हणाला की, ज्यांच्यापाशी बचावाचे साधन नाही त्यांचे काय होत असेल? हा प्रश्न आमचा आहे.

संपात कामगारांवर खटले भरले जातात व समझोत्यात ते मागे घेतले जातात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली होई; जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम ३६० खाली होते. दोषारोप ठेवल्यानंतर न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेतला, तर आरोपी कायद्याने दोषमुक्त ठरतो. परंतु कारखान्यातील खातेनिहाय चौकशी निराळी चालू शकते, आणि चाळीत तो ‘सुटलेला’च राहतो. त्याच्यासाठी दोन हजार कागद वाचणारा वकील नसतो आणि तो निर्दोष आहे असे जाहीर करणारा ॲटर्नी जनरलही नसतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. खटला मागे घेताना कारण लेखी व उघड सांगावे. अटकेची बातमी जेथे छापली, तेथेच सुटकेचीही छापावी. आणि निकाल लागेपर्यंत आपण, म्हणजे जनतेने, आपला निकाल राखून ठेवावा. श्रीमंताच्या मुलाला हा न्याय नाकारला, तर गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या कामगारासाठी तो मागायला आपल्याला तोंड उरणार नाही.